साडेचार इंच

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये रस्ते सरळ आहेत, घरं जुनी आणि अंगणवाली आहेत, मधोमध मोठं स्टेडियम आहे. इथून पूर्वेला निघालं की शहराचा पोत बदलतो. आधी १९०४ सालची गन कॅरेज फॅक्टरी, मग खमरियाची दारूगोळ्याची फॅक्टरी, आणि १९६९ मध्ये सुरू झालेली वाहन निर्माणी. तिला सगळं शहर ‘व्हीएफजे’ म्हणतं. राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही या तीन फॅक्टऱ्या परक्या नाहीत. कुणाचं ना कुणाचं आयुष्य तिथल्या पाळ्यांत गेलेलं असतं.

व्हीएफजेतून बाहेर पडलेली सगळ्यांत लाडकी गाडी म्हणजे जोंगा. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावाची आद्याक्षरं जुळवून ते नाव झालं. गाडी मुळात जपानी, निस्सान पॅट्रोलच्या ६० मालिकेतली. परवान्यावर ती इथे बनवली गेली आणि १९९९ पर्यंत लष्करासाठी बनत राहिली. लिलावात निघालेल्या जोंगा पुढे हौशी लोकांनी घेतल्या. महेंद्रसिंह धोनीनं २०१९ मध्ये एक घेतली, तेव्हा हे नाव नव्या पिढीच्या कानांवर गेलं. पण फोटो काढणाऱ्यांचं लक्ष तिच्या रुंद तोंडावर आणि उंच चाकांवर असतं. तिचं खरं वैभव बॉनेटखाली आहे: एका ओळीत सहा सिलिंडर, एकूण ३९५६ सीसी, पेट्रोलवर चालणारं निस्सानचं ‘पी’ इंजिन.

ते इंजिन ओळीत सहाच का? चार का नाही?

चारस्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच काम करतो. बाकीचा वेळ तो हवा घेतो, दाबतो, धूर बाहेर टाकतो. क्रँकच्या भाषेत दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश. चार सिलिंडर असतील तर दर १८० अंशांनी एक स्फोट होतो. पण स्फोटाचा जोर पूर्ण १८० अंश टिकत नाही. साधारण १४० अंशांच्या सुमारास एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो आणि जोर संपतो. म्हणजे प्रत्येक दोन धक्क्यांच्या मध्ये असा काळ येतो की क्रँकला कुणीच ढकलत नाही, फ्लायव्हीलच्या जडत्वावर तो कसाबसा पुढे सरकतो. सहा सिलिंडर केले की स्फोट दर १२० अंशांनी होतो. पहिल्याचा जोर संपायच्या आधीच दुसरा लागलेला असतो. पालखीचे भोई खांदा बदलताना नवा खांदा टेकल्याशिवाय जुना काढत नाहीत, तसंच हे. ३२०० फेऱ्यांच्या वेगाला या इंजिनात सेकंदाला १६० स्फोट होतात, आणि त्यांत एकही रिकामी फट नसते.

याहून मोठा गुण मात्र वेगळाच आहे, आणि सहा सिलिंडरच्या इंजिनावर लोकांचा जीव जडतो तो खरं तर याच गुणामुळे.

पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. ३२०० फेऱ्यांना मिनिटात ६४०० वेळा तो थांबतो आणि उलट फिरतो. दर थांब्याला त्याच्या वजनाचा हिसका इंजिनाच्या ब्लॉकला बसतो. हे हिसके एकमेकांविरुद्ध लावून मोडायचे, ही इंजिन डिझाइन करणाऱ्याची पहिली परीक्षा. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर असताना दोन खाली असतात, त्यामुळे पहिल्या नजरेला हिशेब जुळतो. पण जुळत नाही. कारण कनेक्टिंग रॉड तिरका होतो. समजा रॉड २०० मिलिमीटर लांब आहे आणि पिस्टनची धाव जोंगाइतकी, ११४.३ मिलिमीटर. क्रँक पाव फेरी फिरला की पिस्टन बरोब्बर अर्ध्यावर, म्हणजे ५७ मिलिमीटरवर यायला हवा. प्रत्यक्षात तो ६५ च्या पुढे गेलेला असतो. म्हणजे वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त धावतो, खालच्या अर्ध्या फेरीत कमी. या असमानतेतून एक दुसरा हिसका जन्मतो. तो एका फेरीत दोनदा येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात चारही पिस्टनचे हे दुय्यम हिसके एकाच दिशेला पडतात, एकमेकांत मिळतात. मोठ्या चार सिलिंडरच्या गाडीत स्टिअरिंग आणि सीटपर्यंत जी थरथर पोहोचते, ती हीच.

सहा सिलिंडरच्या क्रँकवर तीन दिशा असतात, एकमेकींपासून १२० अंशांवर, आणि प्रत्येक दिशेला दोन पिस्टन. तीन सारख्या दिशांच्या सारख्या बलांची बेरीज शून्य. दुय्यम हिसक्यासाठी कोन दुप्पट होतो, १२० चे २४० होतात. पण २४० अंशांनी मांडलेल्या तीन दिशाही तशाच समान विभागलेल्या असतात, बेरीज पुन्हा शून्य. शिवाय क्रँकचा पुढचा अर्धा भाग मागच्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो, त्यामुळे इंजिन पुढेमागे डुलतही नाही. कुठलंही जोडवजन नाही, जादा शाफ्ट नाही, काही नाही. फक्त मांडणीनं हे साधतं. यंत्रशास्त्रातली इतकी सुंदर गोष्ट मला तरी दुसरी माहीत नाही.

ही मांडणी हातानं अनुभवायची असेल तर टॅपेट सेट करणाऱ्या मिस्त्रीजवळ उभं राहावं. जोंगाच्या इंजिनाचं वरचं झाकण काढलं की व्हॉल्व्ह उघडणारे बारा रॉकर एका ओळीत दिसतात. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली फट फीलर गेजच्या पातळ पात्यानं मोजायची आणि स्क्रू फिरवून बसवायची. पण ज्या सिलिंडरची फट मोजायची त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले हवेत. ते कसं ओळखायचं? मिस्त्री क्रँक हळूहळू फिरवतो आणि भलत्याच सिलिंडरकडे बघत राहतो. सहाव्याचे दोन्ही रॉकर एकदम हलायला लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय अशा क्षणाला आले, की तो थांबतो आणि पहिल्या सिलिंडरची फट सेट करतो. दुसरा हलला की पाचव्याची. चौथा हलला की तिसऱ्याची. जोडी लक्षात ठेवायला त्याला कागद लागत नाही, कारण जोडीची बेरीज नेहमी सात येते. जोडीतले दोघे क्रँकवर एकाच दिशेला बसलेले असतात. दोघे एकदमच वर येतात, पण एक स्फोटासाठी तयार असतो तेव्हा दुसरा धूर टाकून नवी हवा घेत असतो. स्फोटांचा क्रम १-५-३-६-२-४. त्यात कुठलाही आकडा घ्या, तिथून तीन घरं पुढे मोजलं की त्याचा जोडीदार सापडतो.

आता या इंजिनाच्या वंशावळीकडे वळू. मोटारीत सहा सिलिंडर पहिल्यांदा घातले ते हॉलंडच्या स्पायकर कंपनीनं, १९०३ मध्ये. त्या गाडीला चारही चाकांना ताकद होती. पाठोपाठ इंग्लंडमध्ये नेपियरनं सहा सिलिंडरच्या गाड्या विकायला काढल्या. आणि लगेच एक नवं दुखणं कळलं. सहा सिलिंडरचा क्रँक लांब असतो आणि लांब पोलाद पिळवटतं. पुढच्या टोकाचा स्फोट क्रँकला पीळ देतो, पीळ उलगडतो, पुन्हा बसतो. एका ठरावीक वेगाला स्फोटांची लय आणि पिळाची लय जुळली की क्रँक तुटायची वेळ येते. रोल्स-रॉइसनं १९०६ च्या गाडीत क्रँक जाड करून आणि सात बेअरिंग देऊन हे आवरलं. फ्रेडरिक लँचेस्टरनं क्रँकच्या टोकाला पीळ शोषणारा डॅम्पर बसवायची युक्ती काढली. आजही सहा सिलिंडरच्या इंजिनाच्या पुढच्या पुलीत तो दडलेला असतो.

१९२९ मध्ये अमेरिकेत शेवरलेटनं सहा सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरच्या भावात आणलं आणि ही श्रीमंतांची चैन सामान्यांच्या आवाक्यात आली. त्याच सुमाराला, १९२८ पासून, जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झालेला होता. टोयोटाचं पहिलं मोटार इंजिनही शेवरलेटच्या याच सहा सिलिंडरवर बेतलेलं होतं. निस्सान दुसऱ्या दारानं आली.

डेट्रॉइटमध्ये ग्रॅहॅम-पेज नावाची कंपनी होती. तीन ग्रॅहॅम भावांनी १९२७ मध्ये जुनी पेज कंपनी घेऊन ती उभी केली. मंदीनं ती खिळखिळी झाली. १९३६ मध्ये निस्साननं तिच्याकडून एका मोठ्या मोटारीचे आणि सहा सिलिंडरच्या इंजिनाचे आराखडे आणि ती बनवायची यंत्रसामग्री विकत घेतली. हा व्यवहार जुळवून आणणारा माणूस विलक्षण होता. विल्यम गोरहॅम हा अमेरिकी इंजिनिअर जपानमध्ये स्थायिक झाला होता, निस्सानच्या घडणीत त्याचा मोठा हात होता, आणि पुढे १९४१ मध्ये त्यानं जपानी नागरिकत्वच घेतलं. १९३७ पासून योकोहामात या इंजिनावर निस्सानची ७० नंबरची मोटार आणि ८० नंबरचा ट्रक निघू लागले.

त्या इंजिनाचं माप होतं: बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ८२.५ मिलिमीटर, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ११४.३ मिलिमीटर. ११४.३ हा आकडा मेट्रिक वाटत नाही, कारण तो मेट्रिक नाहीच. तो बरोब्बर साडेचार इंच आहे. बोअर सव्वातीन इंच. सहा सिलिंडरचं मिळून ३६७० सीसी, ८५ अश्वशक्ती. यातले साडेचार इंच पुढे साठ वर्षं हलले नाहीत.

युद्ध संपलं. १९५१ मध्ये निस्साननं पहिली पॅट्रोल काढली, तेव्हा तिच्यात हेच इंजिन होतं. मग विकास सुरू झाला, आणि विकास म्हणजे काय हे समजायला हे उदाहरण पुस्तकी उदाहरणांपेक्षा सरस आहे. आधी बोअर वाढवला, ८२.५ चा ८५.७ केला. हिशेब करून बघण्यासारखा आहे: ८५.७ चा वर्ग करून ०.७८५४ नं गुणायचं, मग ११४.३ नं, मग सहानं. उत्तर ३९५६ घन सेंटिमीटर येतं. सव्वातीन मिलिमीटरही नाही वाढवलेला बोअर, आणि २८६ सीसी पदरात पडले. बोअर वाढवायला सोपा असतो. ओतकामातली वाळूची कोर, म्हणजे गाभा, बदलायची, बोअर करायची हत्यारं बदलायची, नवे पिस्टन घ्यायचे. मर्यादा एकच: शेजारशेजारच्या दोन सिलिंडरमध्ये भिंत आणि पाणी फिरायला जागा उरली पाहिजे.

स्ट्रोक बदलायचा म्हणजे मात्र घर पाडून बांधायचं. क्रँकचे हात लांब होतात, म्हणजे क्रँकचे फोर्जिंगचे साचे नवे, तो घासणारी ग्राइंडिंग यंत्रं नव्यानं मांडायची, ब्लॉकची उंची नवी, रॉड नवे. कारखान्यातली सगळ्यांत महाग यंत्रं ज्या मापाला बांधलेली असतात, ते माप कुणी सहजासहजी सोडत नाही. म्हणून डेट्रॉइटचे साडेचार इंच योकोहामात टिकले.

दुसरी सुधारणा सगळ्यांत मोठी, आणि तीही ब्लॉकचा तळ न हलवता झाली. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, तोंड वर करून बसलेले असत. वरचं हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. बनवायला स्वस्त, पण जळायची जागा एका बाजूला पसरट होते, दाब वाढवता येत नाही, आणि हवेला आत येताना वळसा घ्यावा लागतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पी इंजिनात व्हॉल्व्ह उचलून हेडमध्ये नेले. कॅमशाफ्ट खालीच राहिला. त्यापासून वर जाणाऱ्या लांब पुशरॉड आल्या आणि वर रॉकर आले, तेच बारा रॉकर. ८५ वरून सुरू झालेली ताकद सव्वाशेच्या घरात गेली. एका झटक्यात नवं इंजिन कुणीच काढलं नाही. एक अवयव बदलला, वापरून पाहिला, मग दुसरा. मोठ्या शोधाच्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात, पण बहुतेक चांगली इंजिनं अशीच वाढलेली आहेत आणि मला हा मार्ग जास्त आदराचा वाटतो.

हे इंजिन जोंगाबरोबर आणि निस्सानच्या एक टनी ट्रकबरोबर जबलपूरला आलं. जर्मन एमएएनच्या परवान्यावरचा शक्तिमान ट्रक इथेच बनत होता. त्याचं इंजिनही सहा सिलिंडरचंच, पण डिझेल. डिझाइन दुसऱ्याचं होतं, मग जबलपूरनं केलं काय, असं विचारणारे भेटतात. त्यांनी एकदा बिडाचा ब्लॉक कसा बनतो ते पाहावं. बाहेरचा साचा वाळूचा, आतली पाण्याची वाट वाळूच्या कोरचीच. वितळलेलं बीड ओतताना कोर केसभर सरकली तर एका बाजूची भिंत पातळ होते, आणि ते कळतं कधी, तर बोअर करताना भिंत फुटल्यावर. ब्लॉकसाठी करडं बीडच का घेतात, तर त्यात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे कंपन गिळतात आणि पिस्टन रिंगला थोडं वंगणही पुरवतात. जबलपूरमध्ये १९७० च्या दशकात खास ‘ग्रे आयर्न फाउंड्री’च उभी राहिली ती या गाड्यांच्या ओतकामाची गरज भागवायला. बोअर झाल्यावर होनिंग. सिलिंडरची भिंत आरशासारखी गुळगुळीत ठेवत नाहीत; एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम उमटवतात, कारण तेल त्या रेघांतच थांबतं. रेघ खोल गेली तर इंजिन तेल पितं, उथळ राहिली तर रिंग करपते. परवान्याबरोबर आराखडा मिळतो, हा हात मिळत नाही. तो इथे, पूर्वेकडच्या त्या शेडमध्ये, माणसांनी कमावला.

एवढं मोठं पेट्रोल इंजिन लष्कराला कशाला हवं होतं? लेहची उंची साडेतीन हजार मीटर. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्के. इंजिनाला इंधन लागतं त्याहून आधी हवा लागते, आणि कार्ब्युरेटरच्या या इंजिनात हवा दाबून भरायला टर्बो नव्हता. ३९५६ सीसीचं इंजिन तिथे जेमतेम २८०० सीसीइतकी हवा ओढतं. चढाला ओढण्याइतकी ताकद त्यातही उरते. दोन लिटरच्या इंजिनात उरत नाही. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांतच जोर मिळतो, क्लच न जाळता गाडी चिखलातून निघते. थंडीत पेट्रोल इंजिन त्या काळच्या डिझेलपेक्षा लवकर सुरू होतं. पाठीवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन फिरणाऱ्या गाडीला हे सगळंच हवं होतं.

याची किंमत पेट्रोलच्या टाकीत मोजावी लागे. लिटरला चार-पाच किलोमीटर हे जोंगा बाळगणाऱ्यांचं नेहमीचं उत्तर. १९९० च्या दशकात व्हीएफजेनं डिझेल इंजिनाची जोंगा खासगी ग्राहकांसाठी काढून पाहिली, पण ती फार चालली नाही. लष्करात मारुतीची जिप्सी आली: चार सिलिंडर, आधी एक लिटर आणि मग १२९८ सीसी, आणि अंगानं इतकी हलकी की डोंगर चढायला तिला सहा सिलिंडर लागतच नव्हते. जोंगाचा पराभव दुसऱ्या इंजिनानं केला असं म्हणता येणार नाही. तो पत्र्याच्या वजनानं केला. व्हीएफजेत पुढे अशोक लेलँडचा स्टॅलियन ट्रक बनू लागला, तोही सहा सिलिंडरचा, डिझेल. २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा व्हीएफजे ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेली.

मोटारींच्या जगातही ओळीतल्या सहांना मधल्या काळात घरघर लागली होती. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं, आणि सहा सिलिंडरची लांबी तिथे मावत नाही. इटलीच्या लान्चियानं १९५० मध्ये काढलेली व्ही आकाराची सहा सिलिंडरची मांडणी आखूड होती. संतुलन थोडं कमी, पण जागा वाचते. एकेका कंपनीनं तिकडे मोर्चा वळवला. बीएमडब्ल्यू मात्र ओळ सोडायला तयार झाली नाही.

आता मर्सिडीज आणि जग्वार लँड रोव्हर पुन्हा ओळीतल्या सहाकडे आल्या आहेत, माझदाही तिकडे वळली आहे. मर्सिडीजचं एम२५६ इंजिन पुण्याजवळ चाकणला जोडल्या जाणाऱ्या एस-क्लासमध्ये बसतं. त्यात पुढचे पट्टे काढून टाकले. पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतात, म्हणून लांबी कमी झाली. बोअर ८३ मिलिमीटर, स्ट्रोक ९२.४, एका सिलिंडरला जवळजवळ पाचशे सीसी. शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यांतलं अंतर ९० मिलिमीटर, आणि कंपनीनं हेच अंतर आपल्या चार सिलिंडरच्या नव्या इंजिनांतही ठेवलं आहे, म्हणजे एकाच ओळीतल्या यंत्रांवर दोन्ही ब्लॉक बोअर होतात.